भुकेची हजेरी

सकाळचं दूध उतू जाण्याआधी उतरवलं की वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि सगळ्या घराला विचारायच्या, "आज कोणाची किती?"

हा प्रश्न भुकेचा होता. नवरा आरशासमोरून, तोंडाला साबण लागलेला असतानाच, "पूर्ण" म्हणायचा. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि लिफ्ट बंद असली की जिन्यानेच वर जावं लागतं, त्यामुळे त्याची भूक पूर्णाच्या खाली कधी आली नव्हती. मोठी लेक वेणी घालता घालता "पाऊण" सांगायची. धाकटा पांघरुणातूनच "दीड" म्हणून ओरडायचा आणि वहिनी ती सव्वा धरायच्या, कारण भुकेच्या बाबतीत तो बोलघेवडा होता. मग त्या तांदळाच्या डब्याचं झाकण काढायच्या. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्याचा तळ असा लख्ख दिसायचा, की ते घासायचं ते केवळ रीत म्हणून.

या घरात अन्न टाकलं जात नसे, आणि वहिनींचा खरा तोरा तर त्याच्याही पुढचा होता. या घरात अन्न उरतच नसे. त्यांच्या फ्रिजमध्ये दूध असायचं, भाज्या असायच्या आणि शेजारणींची झाकलेली भांडी असायची, कारण आख्ख्या मजल्यावर रिकामा फ्रिज तेवढा एकच होता. वहिनींच्या घरातल्या उंदरांनी कधीच बिऱ्हाड हलवलं, असं समोरची शेजारीण म्हणायची आणि आपली कालची भाजी ठेवायला वहिनींकडेच यायची. वहिनीही हसून जागा करून द्यायच्या. शिळं खाणाऱ्या घरांबद्दल त्यांच्या मनात जी कीव होती, ती त्यांनी तोंडावर कधी येऊ दिली नाही.

हजेरीत शेवटचा नंबर आबांचा. आबा म्हणजे वहिनींचे सासरे. उभा जन्म छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला, त्यामुळे माणूस मोजका आणि नेटका. सासूबाई होत्या तोवर त्यांचंही उत्तर "पूर्ण" असायचं. सासूबाई गेल्या आणि ते पाऊणवर आले. मग अर्ध्यावर. आता कितीतरी दिवस ते "पाव" म्हणत होते, तेही तोंडाने नाही, दोन बोटांत चिमूट धरून दाखवायचे. वहिनी घरीच मशीनवर लोकांचे कपडे मापात बसवून द्यायचं काम करायच्या, त्यामुळे आबा किती वाळले ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आबांच्या विजारीची कंबर त्यांनी एकदा आत घेतली होती, मग पुन्हा घेतली होती. दुसऱ्या खेपेला टाचणी लावताना त्यांना रडू फुटलं होतं, आणि आबांना वाटलं टाचणी बोटात गेली.

दुपारी घर रिकामं झालं की आबा मशीनशेजारी स्टूल ओढून बसायचे. जुन्या कपड्यांची काढलेली बटणं ते आकाराप्रमाणे खणाखणांत लावायचे, बोटांना खिळ्यांची सवय होती ना. बोलणं फारसं नसायचं. पण त्या स्टुलावर ते नसले की वहिनींची शिवण हमखास वाकडी जायची.

एकाच ठिकाणी आबा जेवायचे, आणि ते ठिकाण घर नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांतून एका रविवारी सगळं घर कोपऱ्यावरच्या शाकाहारी खाणावळीत जायचं. जाण्याआधी प्रत्येकाने घरी थोडा भात खायचा, म्हणजे तिथे हावरटपणा होत नाही, असा वहिनींचा कायदा होता. खाणावळ उघडली रे उघडली की हे पहिलं गिऱ्हाईक, कारण पहिल्या वाढीत वाढप्याचा डाव उदार असतो. पाच जणांनी पाच वेगळे पदार्थ मागवायचे आणि नवऱ्याने टेबलावर टिचकी मारली की प्रत्येकाने आपलं ताट उजवीकडे सरकवायचं. असं करता करता प्रत्येक पदार्थ प्रत्येकाच्या जिभेवरून जायचा. मग डोकी एकत्र यायची. "यात आलं नाही, सुंठ आहे," लेक म्हणायची. "कांदा भाजलेला आहे, परतलेला नाही," असं नवरा. वहिनी ऐकून घ्यायच्या, आणि आठवड्याभरात तो पदार्थ घरच्या पातेल्यात यायचा. खाणावळवाला त्यांना "तपासणी पथक" म्हणायचा. अशा रीतीने वहिनींनी त्याच्या पदार्थांचा सगळा फळा घरी आणला होता. भरली मिरची आली, पालकाची पातळ भाजी आली, बटाट्याचे वडेसुद्धा आले.

आला नव्हता तो फक्त घेवड्याचा रस्सा. लाल घेवड्याचा, दाट, साधाच दिसणारा. आणि आबा नेमके त्याच्यावरच अडलेले. तो आला की ते टिचकीला दाद द्यायचे नाहीत, ताट सरकवायचे नाहीत, वर पाव मागून घ्यायचे. वहिनींनी तो घरी किती तऱ्हांनी केला. टोमॅटो वाढवून, कमी करून, लसूण ठेचून, लसूण भाजून. दर वेळी आबा एक घास घ्यायचे, जिभेवर घोळवायचे आणि म्हणायचे, "छान झालंय, सूनबाई. पण ते नाही."

शेवटी वहिनींनी खाणावळवाल्यालाच गाठून विचारलं होतं, "त्यात घालता तरी काय?"

"घेवडा, कांदा, टोमॅटो, लसूण, जिरं, मीठ. दुसरं काय घालणार?"

वहिनींनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, लबाड मेला.

तर असं सगळं चाललेलं असताना नणंदेचा फोन आला. नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, पलीकडच्या शहरात मोठ्या घरात राहणारी. मागच्या भेटीत तिने वडिलांची मान सदऱ्याच्या कॉलरमधून कशी बाहेर आली आहे ते पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिला स्वस्थता नव्हती.

"वहिनी, राग मानू नका," ती म्हणाली, "पण तुमच्याकडे सगळं मोजून शिजतं. म्हाताऱ्या माणसाला भूक काय हजेरी देऊन लागते का? दुपारी काही खावंसं वाटलं तर त्यांनी काय करायचं, अर्ज करायचा? शनिवारी आम्ही दोघं येतो, तुमच्याकडेच जेवतो, आणि आबांना घेऊन जातो. माझ्याकडे पातेली कायम भरलेली असतात."

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. पण फोन ठेवल्यावर राग निघून गेला आणि भीती तेवढी राहिली. कारण नणंद दुष्ट नव्हती, बापासाठी तिचा जीव तुटत होता, आणि कंबर दोनदा आत घ्यावी लागली हे काही खोटं नव्हतं. रात्री त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आबांनाच विचारू." दुसऱ्या दिवशी वहिनींनी मशीन चालवता चालवता, वर न बघता विचारलं, "आबा, वन्संकडे जायचंय का तुम्हाला?"

आबा बटणं लावत राहिले. "मला काय. ठेवाल तिथे राहीन."

नको म्हणाले असते तर त्या नणंदेशी भांडल्या असत्या. हो म्हणाले असते तर रडून मोकळ्या झाल्या असत्या. पण ठेवाल तिथे, हे एखाद्या पेटीनं बोलावं तसं झालं. तेव्हाच वहिनींनी ठरवलं की शनिवारी घेवड्याचा रस्सा करायचा आणि तो जमवायचा. आबा दोन वाट्या जेवले तर नणंद त्यांना कुठल्या तोंडाने नेईल?

शुक्रवारी घेवडा भिजला. शनिवारी पहाटेपासून वहिनी शेगडीशी होत्या. हजेरी भिजत घालतानाच घेतली होती, पण पाहुण्यांची भूक कशी धरायची? नणंदेच्या नवऱ्याला कधी विचारलेलं नव्हतं. कमी पडलं तर नाक कापलं जाईल, म्हणून त्यांनी दोघांची दीड-दीड धरली होती, आणि तरी भरवसा वाटेना म्हणून अजून एक ओंजळ टाकली होती. पातेलं काठोकाठ भरलं. दुपारी शेगडी बंद केली आणि फोन वाजला.

"वहिनी, आज नाही हो जमत," नणंद म्हणाली. "यांच्या कामाचं अचानक निघालं. मी उद्या एकटीच येते, दुपारपर्यंत पोचते."

वहिनी त्या पातेल्याकडे बघत राहिल्या. इतकं अन्न त्यांच्या घरात एका वेळी कधी शिजलेलंच नव्हतं.

पानं घेतली. आबांनी एक घास घेतला आणि सगळ्यांचे हात थांबले. आबांनी तो जिभेवर घोळवला. "छान झालंय, सूनबाई," ते म्हणाले आणि पुढचं म्हणाले नाहीत, कारण वहिनींचा चेहराच तसा झाला होता. पण अर्धी वाटी तशीच ठेवून ते उठले. मग घरावर संकट कोसळल्यासारखी सगळी त्या रश्श्यावर तुटून पडली. नवऱ्याने पूर्णाचं पावणेदोन केलं. धाकट्याने आयुष्यात पहिल्यांदा खरोखरचे दीड खाल्ले आणि तो आडवाच झाला. तरी पातेलं जवळजवळ निम्मं भरलेलं.

"उरलं," लेक हळू आवाजात म्हणाली, एखादी वाईट बातमी सांगावी तशी.

फ्रिजमधला मधला कप्पा काढावा लागला. शेजारीण आपलं भांडं न्यायला आली, तिने ते पातेलं पाहिलं आणि काही न बोलता आपलं भांडं घेऊन गेली. तिचं ते न बोलणं वहिनींना रात्रभर डाचत राहिलं.

रविवारी सकाळी नवरा म्हणाला, "अगं, सरळ खाणावळीत नेऊ सगळ्यांना. आबाही पोटभर जेवतील."

"म्हणजे वन्संना आयतंच कोलीत," वहिनी म्हणाल्या. "घरात उपाशी ठेवतात आणि दाखवायला बाहेर नेतात, असंच म्हणतील की नाही?"

"मग दुसरं काहीतरी कर."

"आणि हे? फेकू?"

असला प्रश्न त्या घरात कोणी कोणाला विचारत नसे. नवीन काही करायचं तर पातेल्यातलं पडून राहणार, आणि पातेल्यातलं वाढायचं तर ज्या दिवशी आपल्या चुलीचा निकाल लागायचा त्याच दिवशी नणंदेच्या पानात शिळं. वहिनी बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मग त्यांच्यातल्या काटकसरीने त्यांच्यातल्या अब्रूवर मात केली. त्यांनी पातेलं मंद आचेवर चढवलं, थोडं पाणी शिंपडलं, नवा भात टाकला, काकडी चिरली, पाव मागवले आणि मुलांना बजावलं, "आत्यासमोर कालचा शब्द काढायचा नाही."

आणखी काही घालावं म्हणून त्यांचा हात मसाल्याच्या डब्याकडे गेला होता, पण हरलेल्या माणसाला कसला उत्साह. तो हात तसाच परत आला.

नणंद आली ती मोठी सूटकेस घेऊन. आबांच्या कपड्यांसाठी आणली होती. वडिलांना पाहताच तिचे डोळे भरून आले. "आबा, केवढे उतरलात!" ती म्हणाली आणि वहिनींकडे बघितलं नाही. सूटकेस तिने दाराजवळ उघडूनच ठेवली.

पानं वाढली. वहिनींनी आबांच्या वाटीत पळीभरच रस्सा वाढला, कारण पाव म्हणजे पाव. आबांनी घास घेतला आणि ते थांबले.

सगळं घर थांबलं. नवऱ्याचा हात हवेत राहिला. आबांनी डोळे मिटले. वहिनींना वाटलं, आंबला. फ्रिजला काय झालं होतं कोण जाणे, पण आंबला, आणि आता हे नणंदेसमोर तसं म्हणणार.

आबांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग त्यांनी वाटीच तोंडाला लावली. हे या नेटक्या माणसाने कोणासमोर कधी केलं नव्हतं. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि वहिनींकडे पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "हे तेच आहे."

"काय?"

"तेच. खाणावळीतलं. वाढ अजून."

वहिनींनी वाढलं. एवढ्या गडबडीतही एक थेंब सांडला नाही, एवढं मात्र सांगितलं पाहिजे. आबांनी भात मागितला. मग पुन्हा रस्सा मागितला. नवऱ्याने आपल्या वाटीतलं चाखलं आणि त्याचा चेहरा लिफ्ट एका झटक्यात वरच्या मजल्यावर गेल्यासारखा झाला. "अरे हो की," तो म्हणाला. लेकीने चाखलं आणि आईकडे बघून तोंड दाबून धरलं.

नणंदही जेवत होती. जेवता जेवता तिचा घास हळू झाला. "वहिनी," ती म्हणाली, "खरं सांगा. त्या कोपऱ्यावरच्या खाणावळीतून मागवलंत ना? मी येणार म्हणून?"

गप्प बसणं सोपं होतं. पण इतकी वर्षं हुलकावण्या देणारा रस्सा आपल्या पातेल्यात उतरला आणि त्याचं श्रेय त्या खाणावळवाल्याने घेऊन जावं, हे काही वहिनींना सोसवेना.

"माझ्या हातचं आहे," त्या म्हणाल्या. "आणि कालचं आहे. तुमच्यासाठीच केलं होतं. काल हेच आबांनी खाल्लं तेव्हा आवडलं नव्हतं."

"कालचं?" नणंदेने चमचा ठेवला. "म्हणजे शिळं?"

"शिळं," वहिनी म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. खाणावळ उघडली रे उघडली की आपण पहिलं गिऱ्हाईक. आणि त्या वेळी रस्सा तयार असतो. घेवडा शिजायला, मुरायला किती वेळ लागतो हे जिला झोपेतही माहीत, तिला एवढं कधी सुचू नये? तो आदल्या रात्रीच शिजवलेला असतो. बिचारा खाणावळवाला खरं तेच सांगत होता. त्यात काही घालायचं नव्हतंच, त्याला नुसतं रात्रभर राहू द्यायचं होतं. आणि जगातल्या कुठल्याही चुलीवर हे गुपित आपोआप उघडं पडलं असतं, फक्त वहिनींच्या पडलं नसतं, कारण त्यांच्या हाताखाली घेवड्याने कधी सकाळ पाहिलीच नव्हती. त्यांना हसू आलं, ते पदार्थाची फजिती झाल्यावर येतं तसं नाही, तर शर्यत जिंकल्यावर येतं तसं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. मी एवढी वर्षं त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालतेय."

नणंद अजून चमचा खाली ठेवून बसली होती. आबांनी तिच्या पानाकडे पाहिलं. "तुझी किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"भूक गं. या घरात विचारतात. लवकर सांग, नाहीतर पातेलं माझ्याकडे येतंय."

नणंद वडिलांकडे बघतच राहिली. आबांनी थट्टा केलेली तिने किती दिवसांत ऐकली नव्हती. तिचा चेहरा आधी रडवेला झाला, मग हसरा. तिने वाटी पुढे केली. "पूर्ण," ती म्हणाली. "आणि वहिनी, बरोबर द्यायला उरलं तर एक डबा."

उरलं नाही. आबांनी पातेलं पावाच्या तुकड्याने पुसून घेतलं.

जेवण झाल्यावर सूटकेसचा विषय कोणीच काढला नाही. शेवटी नणंदेनेच ती मिटली आणि कुलूप लावलं. निघताना तिने वहिनींचे दोन्ही हात धरले. "मी फोनवर बोलले ते..." ती म्हणाली.

"बापाच्या काळजीने बोललात," वहिनी म्हणाल्या. "माझी लेक तिच्या बापासाठी अशी बोलली नाही, तर मला वाईट वाटेल."

आबा दारापर्यंत आले. "पुन्हा ये," ते लेकीला म्हणाले. "पण शनिवारी येते म्हणून सांग आणि रविवारी ये." जिन्यात तिचं हसणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होतं. वहिनींना वाटलं, समोरच्या शेजारणीचं दार ठोठावावं आणि तिला रिकामं पातेलं दाखवावं. तो मोह त्यांनी फार वेळ आवरला नाही. शेजारणीला सगळी गोष्ट सांगून झाली, तिने ती दुसरीला सांगायला धाव घेतली, आणि वहिनी विजयी मुद्रेने भांडी घासायला परत आल्या.

त्या पातेलं विसळत होत्या तेव्हा आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सकाळी वहिनी उभ्या राहायच्या तिथेच.

"घेवडा आहे का अजून?"

"डबा रिकामा झाला, आबा. आणायला हवा."

"कधी आणशील?"

"उद्या आणते. रात्री भिजत घालते."

आबांनी बोट मोजलं. "म्हणजे परवा शिजेल. आणि परवा काही कोणी हात लावायचा नाही." त्यांनी पुढचं बोट मोजलं. "तेरवा खाऊ."

एवढं बोलून ते आपल्या खोलीकडे वळले. वहिनी नळ तसाच वाहता ठेवून उभ्या राहिल्या, हे त्या घरात घडणं म्हणजे आक्रीतच. सासूबाई गेल्यापासून आबांनी कधी उद्याचं काही मागितलं नव्हतं, आणि आज ते तेरवाचं जेवण सांगून गेले होते.